आडवाटे कुळाचा ‘थोरला’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमचा एक गट मराठीतून रोल-प्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येक जण एक कॅरेक्टर (पात्र) घेऊन बोलतो, मिळून गोष्ट रचतो आणि अडेल तिथे फासा टाकून निकाल लावतो. त्यातल्या कल्पित जगाचं नाव माळखंड. तिथल्या आडवाटे कुळाकडे पिढ्यान्‌पिढ्या एक दगड आहे, त्याला ते ‘थोरला’ म्हणतात. गेम मी चालवते, त्यामुळे या दगडाबद्दलचे प्रश्न माझ्याकडे येतात आणि ते बहुतेक तेच ते असतात. नव्या खेळाडूंनी निदान पहिली तीन उत्तरं वाचून यावं. जुन्यांनी शेंदराचं उत्तर वाचावं, त्यातला नियम आता बदलला आहे.

थोरला म्हणजे नेमकं काय?

काळा, गोलसर दगड. आडवाटे मंडळी मूळची वाटाडी. व्यापाऱ्यांचे तांडे बिनपाण्याच्या माळावरून पलीकडे न्यायचं काम त्यांचं. पहिल्या वाटाड्यानं पहिल्या मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडली आणि सकाळी निघताना त्यातला एक दगड पडशीत टाकला, तोच हा. गोष्ट एवढीच. तो आकाशातून पडला नाही, कुणाच्या स्वप्नात आला नाही.

कुळात त्याला वस्तू धरत नाहीत. तो घरातला वयानं सगळ्यांत मोठा माणूस. पंगतीत पहिलं पान त्याचं, सोयरीक ठरताना सुपारी आधी त्याच्यापुढे, बैठकीत त्याचा पाट वरच्या अंगाला. त्यामुळे कुळाचा प्रमुख ऐंशी वर्षांचा असला तरी त्याला ‘धाकला’च म्हणतात. नवे खेळाडू हसतात. हसू दे, पण आपलं कॅरेक्टर आडवाटे असेल तर प्रमुखाला ‘मालक’, ‘सरदार’ असलं काही म्हणायचं नाही.

त्याच्यात शक्ती कोणती?

कोणतीही नाही. तो जवळ असला म्हणून फाशावर पडलेल्या आकड्यात एकाचीसुद्धा भर पडत नाही.

मग त्याच्यासाठी लोक जिवावर का उदार होतात?

कारण घरात शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न त्या दगडानं अडवून धरला आहे. मोठेपणाची जागा रिकामी राहिली तर तिथे कुणीतरी बसणारच, आणि एकदा बसलेला माणूस आपणहून उठत नाही. तिथे आधीच दगड बसलेला असला की ‘मी सांगतो म्हणून’ असं कुणालाच म्हणता येत नाही. म्हणावं लागतं, ‘थोरल्याला हे पटेल का?’ दगड काही बोलत नाही. मग त्याला काय पटेल यावर रात्रभर वाद होतो, आणि तो वाद म्हणजेच आडवाटे कुळाचा कारभार.

ज्याला हुकूम सोडायचा आहे त्याला थोरला पायातला धोंडा वाटतो. ज्याला हुकूम ऐकायचा नाही, तो त्याच्यासाठी तलवारीसमोर उभा राहतो. माळखंडातलं कुठलंही कथानक खेळताना आधी हे पाहा की तुमचं कॅरेक्टर यांपैकी कोण आहे. बाकीचं आपोआप सुचतं.

हे सिद्धेश्वराच्या यात्रेवरून घेतलंय ना?

सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ती यात्रा असतेच, त्यामुळे सावली पडली असणार. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी शहराच्या परिसरात ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत सात मानाचे नंदीध्वज निघतात, पहिल्या दिवशी त्या ६८ लिंगांचं यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचा अभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्यामागची कथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते तर योगी, तेव्हा तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. एक काठी माणसाच्या जागी उभी राहते, हजारो लोक त्यावर अक्षता टाकतात आणि कुणालाही त्यात खोटं वाटत नाही. थोरल्याला पंगतीत पान वाढणारे आडवाटे याच धाटणीचे लोक आहेत, एवढं मी मान्य करते.

पण थोरला देव नाही. त्याला आरती नाही, नवस नाही, प्रसाद नाही. खऱ्या देवस्थानातले विधी, मंत्र, मानकऱ्यांची नावं गेममध्ये आणायची नाहीत. यावर टेबलाशी चर्चा होणार नाही.

थोरला कोणाकडे राहतो?

कुळाच्या तीन शाखा आहेत, नदीकाठची, माळावरची आणि वेशीबाहेरची. दर तीन वर्षांनी सुगी उरकली की पाळी बदलते. पाळी असलेल्या शाखेनं दगड आपल्या वाड्यात न्यायचा की मूळ वाड्यातच राहू देऊन तिथे जाऊन सेवा करायची, हा कुळातला सगळ्यांत जुना तंटा. गेमच्या पहिल्या सत्रात बहुतेकदा हाच पेटलेला असतो.

हे फार ओढूनताणून आणलंय असं वाटणाऱ्यांसाठी सांगते. कलकत्त्याच्या मुल्लिक घराण्यातला जवळजवळ असाच तंटा १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला होता. घरचा देव पाळीपाळीनं सांभाळायचा होता आणि एकाला आपल्या पाळीत तो स्वतःच्या घरी न्यायचा होता. न्यायाधीशांनी मूर्तीला कायद्याच्या नजरेत व्यक्ती मानलं, तिनं कुठे राहावं याबाबत तिची स्वतःची इच्छाही विचारात घ्यायला हवी असं म्हटलं आणि ती इच्छा मांडायला ज्याचा या भांडणात स्वार्थ नाही असा माणूस तिच्या वतीनं उभा करायला सांगितलं. मला हा निकाल कळला तेव्हा आडवाटे कुळाचा निम्मा संसार उभा राहिला.

मग थोरल्याच्या वतीनं कोण बोलतं?

कुळात सगळ्यांत अलीकडे लग्न होऊन आलेली सून. तिला ‘राखण’ म्हणतात. तिचं रक्त तिन्ही शाखांपैकी कुठलंच नाही, तिला अजून कुणाची बाजू घ्यायची सवय लागलेली नाही, आणि वाड्यातली भांडणं तिला पुरती कळलेलीही नाहीत. म्हणून तिचा शब्द तो थोरल्याचा शब्द. पुढची सून आली की तिचा हक्क संपतो.

यातून काय होतं ते खेळाडूंच्या लवकर लक्षात येतं. सत्तेवरचा माणूस मुलांची लग्नं लांबवतो, कारण आत्ताची राखण त्याच्या ऐकण्यातली आहे. विरोधक गडबडीनं सोयरीक जुळवतात. एका कथानकात तर नवरदेव नऊ वर्षांचा होता. मुहूर्त हे आडवाट्यांचं सगळ्यांत धारदार हत्यार आहे. राखणीचं कॅरेक्टर घ्यायला बरेच जण बिचकतात, ‘घरात बसून काय करणार’ म्हणतात. माझ्या मते या जगात खेळायला तेच सगळ्यांत मजेचं. विशी-बाविशीची पोर, परक्या घरात आलेली, सासूला घाबरणारी, आणि तिच्या एका मानेच्या हलण्यावर तांडा निघतो की थांबतो ते ठरतं.

थोरला हात धरतो, हा शाप खरा का?

हात जातात हे खरं, पण शाप नाही. हे नीट वाचा.

थोरल्याला उघडं ठेवायचं नाही असा रिवाज आहे. दर अमावास्येला राखण तेलात कालवलेला शेंदूर त्याच्या अंगावर हातानं चढवते. याला ‘अंगरखा’ म्हणतात. थरावर थर चढत जातो, आणि कधीतरी, दोन-तीन पिढ्यांतून एकदा, सगळं कवच आपल्या भारानं सुटून पडतं. आपल्याकडे वेशीवरच्या मारुतीचं, म्हसोबाचं होतं तसंच.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाची लाल भस्म. शिसं कातडीतून फारसं आत जात नाही. जातं ते तोंडावाटे आणि श्वासावाटे. राखण शेंदूर लावते, हात नुसते पुसते, त्याच हातानं भाकरी मोडते. सुटलेले पापुद्रे खरवडते तेव्हा धूळ नाकात जाते. काही वर्षांत पोटात कळा येऊ लागतात, हिरड्यांवर निळसर रेघ उमटते, गर्भ टिकत नाही, आणि शेवटी मनगट लुळं पडून पंजा खाली लोंबतो. जुन्या काळी शिशाचे रंग वापरणाऱ्या रंगाऱ्यांना हाच आजार व्हायचा. आडवाटे म्हणतात, थोरल्यानं तिचा हात धरला, आता तिला सोडायला हवं. आणि नव्या सुनेची शोधाशोध सुरू होते.

नियम आता असा. राखणीनं सलग दोन वर्षं अंगरखा चढवला की दर सत्राला प्रकृतीचा फासा टाकायचा. वैदू कॅरेक्टरला कारण ओळखता येतं, पण त्यासाठी त्यानं राखणीला जेवताना पाहिलेलं असलं पाहिजे. जादूनं बरं करण्याचा मंत्र इथे चालत नाही. हात धुवायला लावणं चालतं. आणि एवढं साधं सांगूनही वाडा का ऐकत नाही, हे खेळून बघा.

दगड नेमका कोणता? काही जण ग्रॅनाइट म्हणतात.

बेसाल्ट, आपला काळा पाषाण. माळखंडाचा भूगोल मी दख्खनच्या पठारावर बेतला आहे आणि सोलापूरच्या पायाखाली साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. ग्रॅनाइट आणला तर आधी कर्नाटकात बरंच आत जावं लागेल. गोल आकारासाठी कुणी छिन्नी लावलेली नाही. बेसाल्ट भेगाभेगांतून झिजतो, कोपरे आधी जातात, कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मधे टणक गोल गाभा उरतो. रस्ता करताना कापलेल्या टेकाडात असे गोळे दिसतात.

वजन बरेच जण मनाला येईल ते लिहितात. पंधरा सेंटिमीटर व्यासाचा बेसाल्टचा गोळा पाच किलोच्या आसपास भरतो. वर शेंदराचं कवच, तेही जड. म्हणजे कडेवर घेऊन पळता येतं, पण खिशात घालून कुंपणावरून उडी मारता येत नाही.

थोरल्याजवळ होकायंत्र चुकतं ते का? तीही शक्ती नाही?

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि ज्या खडकावर वीज पडली आहे तो तर चांगलाच चुंबकीय होतो. आमच्या गेममध्ये हातभर अंतरात सुई भरकटते, त्यापलीकडे नाही. वाटाड्यांच्या कुळातला थोरला स्वतः दिशा चुकवतो, हे आडवाट्यांना माहीत आहे. ते त्यावर विनोद करतात. परक्यानं केलेला चालत नाही.

एखादा हिरा, माणिक का नाही ठेवलं?

हिऱ्याला बाजारात किंमत असते, त्यामुळे त्याची गोष्ट सराफाच्या दुकानात संपते. तो विकता येतो, गहाण टाकता येतो, नव्या मालकाच्या आवडीप्रमाणे कापताही येतो. कोहिनूर १८४९ मध्ये इंग्रजांनी लाहोरहून मिळवला, १८५२ मध्ये त्याला नव्यानं पैलू पाडले, आणि जुन्या मापानं १८६ कॅरट असलेला दगड १०५.६ कॅरटवर आला. झळाळी वाढली म्हणून. थोरल्याला नवी पेठेत कुणी चहाचे पैसे देणार नाही. तो चोरणाऱ्याला फक्त आडवाट्यांचं घर मोडायचं असतं, आणि असा चोर पैशाच्या चोरापेक्षा जास्त रंगतदार असतो.

त्यावर काही कोरलंय का?

आजच्या पिढीतल्या कुणीही उघडा दगड पाहिलेला नाही, त्यामुळे शाखेगणिक दावे वेगळे. माझं मत विचाराल तर नाही. पहिल्या वाटाड्याच्या काळात त्या लोकांना लिपीच नव्हती, ते दोरीला गाठी मारून हिशेब ठेवत. कवच पडल्यावर खाली अक्षरं दिसली तर ती कुणी, कधी, कशासाठी कोरली, हा तपास खेळाडूंनी करावा.

अक्षरांचा मोह मी समजू शकते. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो उजेडात आणला सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांनी. त्यातली ओळ ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं लढणाऱ्याला नव्हे, वाचणाऱ्याला विजय देऊ केला. खोटे शिलालेख रचून मला पाठवणाऱ्यांनी आधी तिथे एकदा जाऊन यावं. भारदस्त संस्कृत जोडाक्षरांचा सोस आपोआप कमी होतो.

चोरून त्या जागी दुसरा दगड ठेवला तर कुणाला कळेल?

शेंदूर चढलेला असेल तर पाहून कळणार नाही. वजनावरून राखणीला शंका येऊ शकते. होकायंत्र हा बरा उपाय, पण ते आडवाट्यांकडे नसतं, त्यांना त्याची गरजच पडत नाही.

मात्र बदली दगड ठेवून काम भागतं असं समजू नका, खरी करमणूक तिथून सुरू होते. सदाशिवरावभाऊ १७६१ ला पानिपतावर पडले, पुढे त्यांचा तोतया उभा राहिला, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत कितीतरी शहाणीसुरती माणसं त्याच्या मागे गेली. कुणाला खरंच वाटत होतं, कुणाला ते सोयीचं होतं. स्कॉटलंडचा राज्याभिषेकाचा दगड इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं १२९६ मध्ये नेला. १९५० च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी तो वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवला, त्या ओढाताणीत त्याचे दोन तुकडे झाले, ते जोडले गेले आणि काही महिन्यांनी दगड परत सापडला. १९९६ मध्ये तो रीतसर स्कॉटलंडला गेला. तरी परत मिळाला तो खराच होता का, ही कुजबुज काही थांबली नाही. तेव्हा खेळाडूंनी थोरला परत आणून दिला तरी किमान एका शाखेनं त्याला तोतया म्हणायचं, हा मी पाळत असलेला दंडक आहे.

थोरल्याला तडा गेला तर कुळाचा नाश होतो?

तडा आधी की नाश आधी, एवढंच विचारा. स्कॉटलंडच्याच डॉनखी कुळाकडे ‘क्लाख ना ब्राताइख’ नावाचा स्फटिकाचा गोळा आहे. १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईला जाताना निशाणाची काठी उपटली तेव्हा तो मातीच्या ढेकळात चिकटून आला, असं कुळ सांगतं. पुढे १७१५ च्या बंडाच्या वेळी त्यात चीर दिसली आणि कुळाची उतरती कळा तेव्हापासून लागली, असंही तेच सांगतात. चीर पाहायला कुणाला फुरसत झाली नसती, पण दिवस फिरले होते. आडवाटे कुळातही तडा शोधायची वेळ दुष्काळातच येते. फासा टाकायची गरज नाही.

आमच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलतात. आडवाटे कॅरेक्टर घेता येईल?

अर्थात. तीन शाखांच्या तीन बोली आहेत, आणि ही कल्पना मला सुचायला सोलापूर सोडून कुठे जावं लागलं नाही. नदीकाठची पोरं थोरल्याला ‘अज्जा’ म्हणतात, वेशीबाहेरची ‘तात’. बैठकीत मात्र तिघांनाही एकमेकांचं सगळं कळतं. न कळल्याचा आव आणणं हा डावपेच.

टेबलावर ठेवायला खरा दगड आणला तर चालेल?

छान दिसतो. ओढ्यातला, शेताच्या बांधावरचा साधा गोटा आणा. भुईकोट किल्ला, जुनी बारव, पडकं देऊळ, वीरगळ पडलेली जागा, इथला तुकडासुद्धा उचलायचा नाही. कुणीतरी ठेवलेला दगड दिसला तर तो अजून कुणाचा तरी आहे असं समजा. रंगवायला गेरू वापरा, तो लोखंडाच्या लाल मातीचा असतो. शेंदूर आणू नका, कारण वर सांगितलंच आहे आणि टेबलावर शेंगाचटणी-भाकरीही असते.

चुलीचे बाकीचे दोन दगड कुठे आहेत?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. एक दगड पहिल्या मुक्कामाच्या जागी असावा असं माळावरची शाखा मानते, पण ती जागा कुठली यावर त्यांच्यातच एकमत नाही. दुसऱ्याचा पत्ता माझ्या वहीत आहे आणि तो मी इथे देणार नाही. तो आणून वाड्यात ठेवलात तर काय होईल, तेवढं सांगते. कुळ आनंदानं नाचणार नाही. तो थोरल्याचा जुळा भाऊ धरायचा की धाकटा, त्याला पान कितवं वाढायचं, त्याची राखण वेगळी नेमायची का, यावर बैठक बसेल, आणि त्या वर्षीची पाळी कुणाची आहे यावर तुमचं स्वागत होणार की तुम्हाला वेशीबाहेर काढणार ते अवलंबून असेल. पाळी कुणाची आहे ते आधी बघून या.